चौथी तार

“चाचा, या चौथ्या तारेला काही लागलंय का?”

पहिल्या तीन तारा नीट बोलल्या होत्या. चौथी, खर्जाची, तीही बोलली. पण आवाज विरता विरता अगदी शेवटाला बारीकशी खरखरली. भात खाताना एखादाच खडा दाताखाली यावा, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. शलाकानं मात्र ती पुन्हा छेडून पाहिली.

आतल्या खोलीतून उत्तर आलं नाही.

मिरजेच्या त्या चिंचोळ्या कारखान्यात बाबालालचाचा पन्नास वर्षं तंबोऱ्यांची जवारी काढत आले होते. तारा ज्या हाडाच्या चपट्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीनं अशी घासायची, की तार तिच्यावर पुरती टेकूही नये आणि पुरती सुटूही नये. मग तारेखाली सुताचा दोरा घालायचा आणि केसाकेसानं सरकवायचा. जागा सापडली, की एकच तार छेडावी आणि दहा जणांनी मिळून गुणगुणावं, तसा आवाज फुलतो. ती जवारी. घासणं जरा जास्त झालं तर मात्र घोडी गेली. हाड काही पुन्हा भरून येत नाही.

चाचांचा कान कसा, तर रस्त्यानं कुणी रिक्षातून तंबोरा नेला आणि खड्ड्यात तारा नुसत्या थरथरल्या, तरी ते तोंडातलं पान सांभाळत सांगायचे, दुसरी उतरलीय. शलाका एकदा रिक्षामागे धावत जाऊन खात्री करून आली होती. दुसरीच उतरली होती.

पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरू लागले होते. कान तसाच, हात परके. पदार्थविज्ञान शिकलेली ही मुलगी शिकायला आली, तेव्हा त्यांनी तिला कानस दिली आणि आठ महिने बारीकसारीक तंबोऱ्यांवर बसवलं.

आजचा तंबोरा बारीकसारीक नव्हता. तो हेब्बाळकरबाईंचा होता, आणि त्याआधी त्यांच्या गुरूंचा. घोडीही त्याच काळातली, घासून घासून पातळ झालेली, जेमतेम आणखी एक जवारी सोसेल अशी. बाईंनी सकाळी तो खाली ठेवला, शलाकाकडे पाहिलं आणि चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, ही काढेल, चारला या, आणि नाही निघाली तर यापुढं माझ्याकडं तंबोरा आणू नका.

बाई बरं म्हणून गेल्या. आजवर शलाकाच्या हातून बिघडलं असतं तर तिचं बिघडलं असतं. आज चाचांनी आपलं नाव तिच्या हातात दिलं होतं आणि आतल्या खोलीत पाठमोरे बसून ते तंबोऱ्यांसाठी नवे भोपळे निवडू लागले होते.

तिनं तार सैल केली, बाजूला सारली आणि जिथं खरखर वाटली तिथं दोनदा कानस फिरवली. तार चढवली, दोरा सरकवला. खरखर होतीच. उलट जरा धिटावलेली.

“चाचा, एकदा बघता का?”

आतून भोपळ्यावर टिचकी मारल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या भोपळ्यावर.

तिनं मोबाइल काढला. त्यात आवाजाची रेघ दिसायची. रेघेच्या टोकाला काटेरी गवतासारखं काहीतरी होतं. म्हणजे भास नव्हता. तिनं पुन्हा घासलं. हाडाचा पांढरा भुगा मांडीवर सांडला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तशी ती इतकी दचकली की कानस हातातून निसटली. तारेला लागली असती तर… ती कितीतरी वेळ त्या न तुटलेल्या तारेकडेच बघत राहिली.

“चाचा…”

खातूनचाची चहा घेऊन आल्या. ऐकू येत नाही का त्यांना, असं शलाकानं हळूच विचारलं. चाचींनी कप ठेवला आणि आतल्या खोलीकडे हनुवटी उडवली. पोरी, म्हणाल्या, चाळीस वर्षं मी हाका मारतेय. त्यांना ऐकू सगळं येतं, ओ देणं तेवढं जड जातं.

एक वाजला. दोन वाजले. आता चौथ्या तारेत खरखर आवाज विरायच्या आधीच यायची. तिसऱ्या तारेतही आल्यासारखी वाटायची. शलाकानं पाचव्यांदा हाक मारली, तेव्हा तिचा आवाजच फुटला.

मग चाचा बाहेर आले. तंबोऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“वही आण.”

तिची वही साऱ्या कारखान्याला ठाऊक होती. आठ महिन्यांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक तंबोऱ्याचा दोष तिनं तारीख घालून लिहिला होता. बोदा. चिरका. घुसमटलेला. पुढं कारण, पुढं उपाय. इतकं पद्धतशीर इथं कुणी केलं नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं. चाचांनी थरथरत्या बोटानं पानं उलटली. ती कौतुकाची वाट पाहू लागली.

“लई आजारी लिहिलेस,” चाचा म्हणाले. “यात गाणारा एक तरी हाय?”

तिनं वहीत डोकावलं.

“सकाळपासनं काय ऐकतीस?”

“खरखर.”

“आणिक?”

“…खरखरच.”

“मग तिला वाटलं, बोलावणं आपल्यालाच हाय. बसली मुक्कामाला.”

उंबऱ्यात चाची हसल्या. शलाकाला हसू आलं नाही. अडीच वाजून गेले होते, घोडीत फार तर चार-सहा वेळा घासण्याइतकं हाड उरलं होतं आणि म्हातारा चेष्टा करत होता.

चाचा खाली बसले. त्यांनी उजवा पंजा चारी तारांवर आडवा ठेवला. तारांवर आल्यावर तो हात थरथरायचा थांबला. शलाकानं ते पाहिलं.

“वाजव.”

तिनं छेडलं. थप्. थप्. थप्. थप्.

“कसा वाजला?”

“तुम्ही हात ठेवलाय ना.”

“हां. मी हात ठेवलाय. तू ऐक.”

तिनं पुन्हा छेडलं. थप्…

“काय ऐकू आलं?”

“काही नाही.”

“ऐकायचंय ते आलं, की मग कानस उचल,” असं म्हणून ते उठले आणि आत जाऊन पुन्हा भोपळ्यांपुढे बसले.

आता तिनं स्वतःचा पंजा तारांवर ठेवला. छेडलं. त्या मुक्या आवाजात तिला आधी बाईंचा चेहरा दिसला. मग रिकामा कारखाना, आणि दाराशी कुणीच नाही. मग वडिलांनी भरून ठेवलेला बीएडचा अर्ज. आपल्या डोक्यात किती लोक किती घाईनं रडायला बसलेले असतात, याचं तिला प्रथमच नवल वाटलं. तिनं हात काढला नाही. छेडत राहिली.

आणि कधीतरी, फार खालून, कॉलेजचं सभागृह वर आलं.

ती पहिल्या वर्षाला होती. मैत्रिणीला शोधत दारातून डोकावली होती. गाणारा अजून यायचा होता. मंचावर दोन तंबोरे नुसते लावून बघत होते. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण पायाखालची फरशी ऊन झाल्यासारखी वाटली होती, आणि ती मैत्रिणीला विसरून दाराला धरून उभी राहिली होती. इथं ती आली ती त्या आवाजासाठी. वहीत त्याची एक ओळही नव्हती.

थप्.

आता पंजाखाली तो होता. रुंद, गोल, विरताना मागे वळून न बघणारा.

तो विरेपर्यंत ती थांबली. मग तिनं घोडीकडे पाहिलं, आणि सकाळपासून प्रथमच घोडी तिला दिसली. जिथं खरखर होत होती तिथं, मागच्या अंगाला, ती इतके तास घासत होती. त्या आवाजाला जागा हवी होती ती पुढच्या उतारावर. तिथं तिनं कानस लावलीच नव्हती.

चार वेळा फिरवली. पाचव्यांदा फिरवावीशी वाटली नाही.

तार चढवली. दोरा घातला आणि श्वास धरून सरकवला… आणखी जरासा…

चौथी तार उघडली. भिंतीवर टांगलेले तंबोरे तिच्यासोबत हलके गुणगुणले. शलाका छेडत राहिली, आणि बाहेर रिक्षा कधी थांबली ते तिला कळलंच नाही. दारात हेब्बाळकरबाई उभ्या होत्या. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तिथंच, उंबऱ्यावर, डोळे मिटून त्यांनी षड्ज लावला, आणि त्यांचा आवाज कुठं संपतो नि तंबोऱ्याचा कुठं सुरू होतो, ते सांगता येईना.

शलाकाला विचारायचं असं काही उरलं नव्हतं. छेडणारा हात न थांबवता ती आतल्या खोलीकडे वळली.

“चाचा…”

“ओ,” आतून चाचा म्हणाले. “आत्ता हाक मारलीस.”