लांबट गोळी

त्या दिवशी सकाळी थंडी कोरडी होती. वारा अगदी पडलेला, आणि गावातल्या चुलींचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता. कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतलं ते गाव, आणि सगळ्या घरांच्या चुली पेटलेल्या. पेटली नव्हती ती एकच, धाकू शिकाऱ्याची.

त्याचं कारण सांगतो. त्या गावात बंदूक एकच होती, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, आणि ती धाकूला बापाकडून आलेली. डोंगरातली सांबरं उतरून पावट्याचे मळे खाऊन जात, म्हणून गावानं धाकूला शिकारीचा मान दिला होता. मान होता तसा दंडकही होता. जनावर जखमी होऊन पळालं, तर ते सापडेपर्यंत शिकाऱ्याच्या घरी चूल पेटवायची नाही. ते तिकडे तळमळतंय, तर तुम्ही इकडे जेवायचं नाही.

आता जनावर पळालं कसं, ते ऐका.

धाकूचा बाप बोराएवढी गोल गोळी ओतायचा. धाकूही तशीच ओतायचा. एकदा चावडीवर पाटील म्हणाले, "धाकू, सांबर केवढं आणि तुझी गोळी केवढी? ह्यानं त्याची खाज तरी भागते का?"

लोक हसले. धाकूच्या मनाला ते लागलं. त्यानं मऊ दगडात नवा साचा कोरला. नळीचं तोंड तेवढंच, त्यामुळे गोळी जाड करता येईना. मग त्यानं ती लांब केली, खारकेच्या बीसारखी. हातात घेतली की दुप्पट जड लागायची. धाकू खूश झाला. आदल्या संध्याकाळी त्यानं त्या गोळीनं सांबरावर बार काढला, आणि सांबर रक्त सांडत रानात शिरलं.

तर त्या थंडीत धाकू माग काढत निघाला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ओढ्याकाठी सांबर सापडलं. अजून धुगधुगी होती. त्यानं कोयत्यानं त्याची सुटका केली आणि दम खायला तिथंच बसला.

बसल्या बसल्या त्याची नजर जखमेवर गेली. गोळीचं भोक गोल असतं. हे लांब होतं, सुरीनं चिरल्यासारखं.

"असं कसं?" तो स्वतःशीच म्हणाला.

गावात पाटील म्हणाले, "एकदा झालं, गावानं पोटात घातलं. पुन्हा झालं तर बंदूक देवीच्या देवळात टांगायची." मग मळे कोण राखणार, ते कुणी बोललं नाही. पण ते लांब भोक काही त्याच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं परसात एक जुनी चटई टांगली आणि लांबट गोळी झाडली. जवळ जाऊन पाहतो तर भोक लांबच. दुसरी झाडली, तीही तशीच. गोळी नाकासमोर न जाता आडवी होऊन चटईत शिरत होती.

"जोर कमी पडत असेल," असं म्हणून त्यानं बंदुकीची दारू थोडी वाढवली. दणका असा बसला की खांदा सुजला. भोक पुन्हा लांब.

शेजारचा लुमाजी कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला, "धाकूदा, चटईनं तुझं काय वाकडं केलंय?"

"चटईचं नाही, गोळीचं वाकडं आहे. बघतोय का होतंय ते."

"आणि खांद्याचं?"

"ते कळलं मला."

धाकूनं मग दारू वाढवणं सोडलं आणि नळीत डोकावून पाहिलं. नळीच्या आत खाचा होत्या, वेलीसारख्या वळत गेलेल्या. त्या लहानपणापासून त्याच्या माहितीच्या होत्या, पण कशासाठी आहेत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. गोळी ठासायच्या गजाच्या टोकाला त्यानं ओली चिंधी घट्ट गुंडाळली आणि गज हलकेच आत दाबला. गज त्याच्या हातात आपोआप फिरू लागला. धाकूला मोठी गंमत वाटली. त्यानं गजाच्या वरच्या टोकाला दोरा बांधून पुन्हा दाबला. सुरुवातीला दोरा त्याच्याकडे होता. गज तळाला गेला, तरी तो जेमतेम पाव फेरा घेऊन बाजूच्या दाराकडे वळला होता.

"म्हणजे नळी गोळीला पीळ देते," तो म्हणाला, "पण फार थोडा देते."

दारात त्याची बायको पारू अंबाडीचं सूत काढत बसली होती. तिच्याजवळ दोन टकळ्या होत्या, एक बुटकी आणि एक उंच. धाकूनं बुटकी उचलून जमिनीवर फिरवली. ती एका चुटकीत उभी राहिली. उंच टकळी तशीच फिरवली, तर ती दोन गिरक्या घेऊन आडवी झाली.

"तिला असं गोंजारून नाही चालत," पारू म्हणाली. "चांगला पीळ द्यावा लागतो." तिनं जोरात चुटकी मारली, आणि तीच टकळी ताठ उभी राहून फिरू लागली.

धाकूनंही तशीच जोरात चुटकी मारून पाहिली, आणि टकळी पुन्हा ताठ उभी राहिली.

"आता माझं सूत काढायला देता, की चटईसारखी हिलाही टांगता?" पारूनं विचारलं.

धाकू हसला आणि आत गेला. उंच टकळीसारखाच लांबट गोळीलाही जास्त पीळ हवा, आणि आपल्या नळीत तेवढा नाही. बापानं नळी बघूनच गोळी ठरवली असणार. सांगायचं तेवढं राहून गेलं. त्यानं सगळ्या लांबट गोळ्या पळीत वितळवल्या आणि पुन्हा गोल ओतल्या. दारूही पूर्वीइतकीच घातली. चटईत भोक पडलं ते रुपयासारखं गोल. फक्त एक लांबट गोळी त्यानं दाखवायला म्हणून ठेवली.

काही दिवसांनी सांबरं पुन्हा मळ्यात उतरली. हलक्या गोळीला लांबून मारून चालत नाही, म्हणून धाकू बांधाआडून सरपटत अगदी जवळ गेला. नीट दिसेपर्यंत त्यानं बार काढला नाही. एकच बार झाला, आणि सांबर जागच्या जागी शांत झालं. त्या दिवशी धाकूच्या घरची चूल वेळेवर पेटली.

पाटील बघायला आले. "एवढ्याशा गोळीनं?" ते म्हणाले.

"माझी नळी एवढीच सरळ नेते, पाटील," धाकू म्हणाला. बंदूक देवळात टांगायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पाटील गेल्यावर लुमाजीनं एका तळहातावर लांबट गोळी घेतली, दुसऱ्यावर गोल, आणि दोन्ही हात वरखाली करून पाहिले. मग तो म्हणाला, "धाकूदा, जेवढं सरळ नेता येईल तेवढंच वजन घ्यावं, जास्त घेतलं की गोळी काय नि माणूस काय, वाटेतच आडवा होतो."