कडेचा आवाज

फुटबॉल माझ्याइतका कळणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. खेळलो मात्र एकदाच. आणि त्या दिवशी बॉल नेमका कुठं होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी मैदानाच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसतो.

"पण सर, माझं चुकलं कुठं?" उदाजी विचारत होता.

मॅच नुकतीच संपली होती. आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांनी शेजारच्या पेठेला चार गोलांनी लोळवलं होतं. त्या पोरांना शिकवायचा उदाजी अतिग्रे, एके काळचा आमचा सेंटर फॉरवर्ड. त्याच्या किकनं गोलपोस्ट वाकला होता, असं पेठेत सांगतात. सांगणारा बहुतेक उदाजीच असतो.

ज्याला तो विचारत होता तो ओताकर यिंद्रा. गोरा, उंच, सत्तरीकडं झुकलेला. झेक देशात पगारी खेळाडू होता, म्हणजे खेळून घर चालवायचा. आमच्यात खेळून घर विस्कटतं. पाय थकल्यावर पोरांना शिकवायला लागला आणि शिकवत शिकवत इकडं आला. मराठी पोरांकडनंच शिकला, म्हणून तालमीच्या अध्यक्षालाही अरे-तुरे करतो. अध्यक्षाला ते आवडत नाही. मला फार आवडतं.

अध्यक्षानं सांगून ठेवलं होतं, यिंद्रानं मान डोलावली तर पोरांचा संघ कायमचा उदाजीकडं. नाहीतर दुसरा माणूस बघू. उदाजीचा गुडघा गेलेला. घरचं दुकान भाऊ चालवायचा, आणि तिथं त्यानं उदाजीसाठी एक स्टूलसुद्धा ठेवलं नव्हतं. मैदान सुटलं तर त्याला जायला जागा नव्हती. थट्टा करायची माझी सवय, पण त्या संध्याकाळी त्याचा चेहरा बघून तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला.

यिंद्रानं अजून मान डोलावली नव्हती. तो मैदानातल्या पोरांकडं बघत होता.

"चार गोल झाले, सर."

"बघितले."

"चारी माझ्या आवाजावर झाले."

खरं होतं ते. उदाजी मॅचभर रेषेला धरून लंगडत पळायचा. डावीकडं दे, आता मार, माघारी फीर, असं सारखं चालू. त्याचे वडील तालमीचे वस्ताद. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभं राहून ते डाव ओरडायचे आणि आतला पैलवान तो डाव टाकायचा. उदाजीनं तीच रीत मैदानावर आणली. कडेच्यानं सांगायचं, आतल्यानं करायचं. पेठेला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आम्ही कट्ट्यावरनं भर घालायचो. एकेका पोराला उदाजीचा, स्वतःच्या बापाचा आणि माझा असे तीन सल्ले एकदम मिळायचे.

यिंद्रानं पोरांना परत मैदानात बोलावलं. त्यांच्यातच दोन बाजू पाडल्या. मग उदाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तू बोलू नको."

"किती वेळ?"

"बोलू नको."

कट्ट्याकडं वळून त्यानं आम्हालाही ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी गप्प बसलो. माझ्या घरच्यांना हे आजवर साधलेलं नाही.

खेळ सुरू झाला. पोरं पळाली. एक पास झाला, दुसरा झाला. मग बॉल अभिराजच्या पायात आला. मघाच्या चारातले दोन गोल याच पोराचे. समोर कुणी नव्हतं, गोलकीपरही बाजूला सरकलेला.

अभिराज थांबला. मान वळवून त्यानं उदाजीकडं बघितलं...

मग सगळ्यांनीच बघितलं. अडवणाऱ्यांनीसुद्धा, अडवायचं का नाही, हे त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

कुणी हललं नाही. उदाजीच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ मात्र त्यानं मिटून धरले. आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"बघा, सर," तो यिंद्राच्या कानाशी म्हणाला. "माझ्याबिगर पान हलत न्हाई."

यिंद्रा बाकावर बसला. उदाजीला त्यानं शेजारी बसायची खूण केली. उदाजी उभाच राहिला. वस्तादाचं पोर, कडेला बसणार कसं?

मग यिंद्रानं सांगितलं ते असं. त्याच्या गावी कारेल नावाचे एक मास्तर होते. रेषेवर उभं राहून ओरडायचे, आणि यिंद्राचे पाय आपोआप तिकडं वळायचे. त्या आवाजावर तो वाढला, गावात गाजला, आणि प्रागच्या मोठ्या संघानं त्याला उचललं. तिथला प्रशिक्षक अबोल माणूस. पहिल्याच मॅचला बॉल पायात आला आणि यिंद्रानं सवयीनं कडेला बघितलं. प्रशिक्षक सफरचंद खात बसला होता. तेवढ्यात समोरच्यानं पायातला बॉल काढून नेला आणि गोल केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडं शिट्टी म्हणजे शाबासकी. तिकडं ती शिवी असते. पुढं बरीच वर्षं तो पगार घेत राहिला, पण बाकावर बसून.

उदाजी ऐकत होता.

"मग?"

"मग कारेल मास्तरकडं गेलो. विचारायला, माझं चुकलं कुठं."

"काय म्हणाले?"

"त्याला ऐकू येत नव्हतं. म्हातारा झाला होता." यिंद्रानं कानाला हात लावून दाखवला. "तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी काय सांगतो म्हणून..."



मैदानात अभिराजला आता उभं राहवेना. सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर त्यानं बॉल हळूच कडेला ढकलला. तो घरंगळत आला, आणि उदाजीनं चांगल्या पायानं अडवला. मैदानभर पोरं तशीच उभी. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

उदाजीनं एकदा पोरांकडं बघितलं. एकदा कट्ट्यावर आमच्याकडं. मग बाकावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडं वळला. आवाज इतका खाली आला होता, की हा उदाजीच का, असं मला वाटलं.

"सर, एवढं एकच सांगा. संघ माझा हाय का न्हाई?"

यिंद्रानं मान डोलावली नाही. नाही म्हणून हलवलीही नाही...

"बॉल तुझ्या पायात आहे, उदाजी. माझ्याकडं काय बघतोस?"