ग्रंथातून गाळलेली हत्तीण

शिलावती नगरीवर दृढवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व हत्तींच्या वैद्याच्या कुळात जन्मले होते. नाव मंदार. हत्तीचे तळवे कुजतात त्या रोगासाठी त्यांनी अर्धे आयुष्य झिजवले होते. बिब्ब्याच्या तेलाने रोग हटे, पण पाय फोडांनी भरून जाई. तिथे त्यांचे गाडे अडले होते.

राजाने दवंडी पिटली होती. या रोगावरचा ज्याचा ग्रंथ राजाच्या ग्रंथशाळेत आधी दाखल होईल, तो राजगजवैद्य.

ग्रंथशाळेची रीत अशी होती. कर्त्याच्या नावावर माती लिंपून ग्रंथ एखाद्या जाणकाराकडे तपासायला जाई. तपासणारा कोण, हे कर्त्यालाही कळत नसे. ग्रंथ उघडण्याआधी तपासणाऱ्याने हातावर पाणी घेऊन म्हणायचे, "यात माझा लाभ नाही, माझे वैर नाही," आणि पाणी सोडायचे. नावे झाकत ती खरे ते निर्भयपणे लिहिता यावे म्हणून. पुष्कळ विद्वानांनी मात्र त्या आडोशाला बसून दुसऱ्यांवर दगड भिरकावले, आणि काहींनी तर दुसऱ्याचे उभे पीक कापून नेले.

असाच एक ग्रंथ मंदारांकडे तपासायला आला. त्यांनी पाणी सोडले, ग्रंथ उघडला आणि त्यांचा हात थांबला. तोच रोग, तेच तेल. फक्त त्याआधी तळव्यांना वाटलेल्या तिळांचा लेप. तेवढ्याने फोड येत नाहीत, असे लिहिले होते. आपल्या ग्रंथात एवढी एकच ओळ कमी आहे, हे त्यांना तत्काळ कळले. ग्रंथ बांधून ते ग्रंथशाळेचे प्रमुख पुष्कर यांच्याकडे गेले.

"आचार्य, माझे पाणी खोटे ठरले. यात माझा लाभ आहे. ग्रंथ दुसऱ्याकडे द्या."

"दुसरा आहे कोण इथे? मला विचाराल, तर हत्तीचे शेपूट कोणते आणि सोंड कोणती इथूनच सुरुवात आहे," पुष्कर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुम्ही एवढे का तळमळता? 'वर्षभर आणखी पडताळा पाहावा' असे लिहून टाका. तोवर तुमचाही ग्रंथ पुरा होईल. विचारतो कोण?"

"मी विचारतो ना," मंदार म्हणाले. "असे करा. माझा अपुरा ग्रंथ आजच मोहोर लावून ताब्यात घ्या. त्यात तीळ नाहीत, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या. आणि माझे नाव कर्त्याला सांगा. त्याची ना असेल तर परदेशातून वैद्य बोलवा."

कर्ता होता सोमिल नावाचा तरुण वैद्य. निरोप ऐकून तो म्हणाला, "तपासू दे की. स्पर्धक आहे, निदान झोपा काढत तरी तपासणार नाही."

मंदारांनी गजशाळेतल्या हत्तींवर तो उपचार करून पाहिला. पाय भरून आले, फोड आले नाहीत. त्यांनी तसे स्वच्छ लिहिले आणि खाली एक प्रश्न जोडला: जे हत्ती बरे झाले नाहीत, त्यांची हकीकत कुठे आहे?

सोमिल तणतणत आला. "खोट सापडली नाही, म्हणून आता मेलेले हत्ती उकरताय का, वैद्यराज?"

"औषध उत्तम आहे. वर तसेच लिहिले आहे, वाचा. पण सगळेच्या सगळे रोगी बरे झालेले मी कधी पाहिले नाहीत. तुम्ही पाहिलेत?"

सोमिल खाली बसला. मग म्हणाला, "एक होती. भ्रमरी. गाभण होती. तेल लावले आणि तिचा गर्भ पडला. मग तीही गेली. एका हत्तिणीपायी सगळा ग्रंथ परत येईल, म्हणून गाळली."

"राजाची हत्तीण रेवती गाभण आहे," मंदार म्हणाले. "तिचे तळवे कुजलेत. तुमचा ग्रंथ दाखल झाला, की पहिला उपचार तिच्यावर व्हायचा आहे."

सोमिलच्या तोंडचे पाणी पळाले. "मग तिला काय द्यायचे?"

"कडुलिंबाच्या काढ्याने पाय धुण्याचा माझा जुना उपाय आहे. फार सावकाश गुण येतो, पण गर्भाला अपाय नाही. घ्या, ग्रंथात घाला."

"तुमच्या नावाने घालीन," सोमिल म्हणाला.

ग्रंथ दाखल झाला. सोमिल राजगजवैद्य झाला. रेवती हळूहळू बरी झाली आणि सुखरूप व्याली. राजाने मंदारांना विचारले, "ग्रंथ तुमच्याच हातात होता. तुम्हाला काय मिळाले?"

"महाराज, माझे पाणी मला परत मिळाले," ते म्हणाले आणि गजशाळेत कामाला गेले.

सोमिलच्या ग्रंथाचा आरंभ नव्याने लिहिलेला होता. त्यात देवतेच्या वंदनाआधी भ्रमरीची हकीकत होती.

एवढे सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा सोमिल म्हणजे आज आपली चूक संघापुढे उघड करून बसलेला हा वप्पिल. पुष्कर म्हणजे त्याला गप्प राहा म्हणणारा त्याचा मित्र. राजा म्हणजे आनंद. मंदार मी होतो."

"आणि भ्रमरी, भगवन्?" वप्पिलने विचारले.

"तिला तू विसरला नाहीस, म्हणून तर आज बोललास." मग शास्ते सगळ्या भिक्षूंना म्हणाले, "जे आपल्याविरुद्ध जाते, तेही न गाळता सांगणे, ही सत्यपारमिता."