टाचांमागची रेघ

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्यासह आला. गावाला सभागृह हवे होते, पण मनात धास्तीही होती. शेजारच्या गावात असेच सभागृह झाले, आणि अंगणात रंगणारा तिथला नमनाचा खेळ आत जाऊन पार थंडावला. शिमग्यालासुद्धा मृदंग वाजेना! आपलेही तसेच झाले तर?

शिष्याची ही पहिलीच वास्तू. पहाटेच उठून त्याने मैदानात सुतळी ताणली, चुन्याची पांढरी फक्की टाकली आणि लांबरुंद आयत आखला. टोकाला छातीएवढा उंच रंगमंच, पुढे खुर्च्यांच्या रांगा. पैसा देणारा व्यापारी मूळचा गावचाच, पण राहायला शहरात. आखणी पसंत पडली की नारळ फोडून तो संध्याकाळच्या लाँचने परतणार होता.

स्थपतीने आखणीकडे पाहिले आणि मृदंगवाल्या भिकाजीला म्हटले, "वाजव. नमन होऊ दे."

"आत्ता? शिमगा कुठं नि आपण कुठं, बाबा!"

"आत्ताच!"

"गुरुजी, फक्की पुसली जाईल!" शिष्य कळवळला.

"जाऊ दे की."

मृदंगावर थाप पडली मात्र, घराघरांतून माणसे धावली, भोवती कोंडाळे करून उभी राहिली. गवळणी नाचल्या. देवळाच्या बाजूने नमनातले काळे सोंग, संकासूर, उड्या मारत आला, पोरे किंचाळली. "नाच रे मेल्या, नाच!" म्हातारी रत्नाई ओरडली आणि स्वतःच आत शिरून गिरकी घेऊन आली. शिष्याची आखणी पायांखाली नाहीशी होत होती. त्याला रडूच यायचे बाकी होते. आणि गुरुजी? धोतर खोचून, घमेले घेऊन, वाकून माणसांच्या टाचांमागे फक्की सोडत चालले होते! म्हाताऱ्याला चळ लागला, असे दोघे-तिघे बोललेही.

नमन संपले. "आता सगळे मागे सरा," स्थपती म्हणाला.

जमिनीवर पांढरी रेघ उमटली होती. ओबडधोबड गोल. लेकुरवाळ्या उभ्या होत्या तिथे फुगलेला, देवळाकडे मोकळा.

"हे काय?" व्यापारी चक्रावला. "रंगमंच कुठाय? मी बसायचं कुठं?"

"शेठ, मघाशी कुठं होतात?"

व्यापाऱ्याने खाली पाहिले. रेघ त्याच्याही टाचांमागून गेली होती. "इथंच," तो ओशाळून हसला, "रत्नाईच्या शेजारी. टाळ्या वाजवत होतो."

स्थपती शिष्याकडे वळला. "बाळ, उंच रंगमंचाने नाचणारा वर जातो आणि पाहणारा लांब राहतो. इथे पाहणाराच केव्हा नाचू लागतो ते कळत नाही. हे या गावाचे वैभव आहे, आणि ते अजून जिवंत आहे. त्याला ऊन लागू नये, पाऊस लागू नये, एवढे आपण करायचे. हे काम लहान समजू नकोस."

शिष्य रेघेवर जाऊन उभा राहिला. पुसलेल्या आयताचे दुःख कुठल्या कुठे पळाले! "गुरुजी, रेघेवर जांभ्या दगडाचा कट्टा घेऊ, लोक बसतील! खांब सगळे कट्ट्याबाहेर, मध्ये एकही नको! आणि छप्पर..." त्याचे हात हवेतच छप्पर बांधू लागले.

"अरे, पण ही बाजू उघडीच राहिली," व्यापारी म्हणाला. "दार विसरलात काय?"

गुरुजी बोलायच्या आधी शिष्यच म्हणाला, "तिथून संकासूर येतो, शेठ. त्याला दारानं कशाला अडवायचं?"

व्यापाऱ्याने मोकळ्या बाजूने देवळाकडे पाहिले. मग मोठ्याने म्हणाला, "नारळ आणा रे!"