हरणाकडे बघा

नर्सबायांना गोष्ट सांगा म्हणून मला इथं धरून बसवलंय, तेव्हा आता गुमान ऐका.

फार मागे एका रानातल्या दवाखान्यात टिटवी नवी मोठी सिस्टर झाली. पाय मोडलेल्या हरणाला ताप चढला. "कुणीतरी हरणाकडे बघा गं," असं ओरडून ती दुसऱ्या पेशंटकडे पळाली.

तासाभरानं येऊन बघते तर हरणाचे ओठ सुकलेले, डोळे पांढरे होत चाललेले.

"कुणी बघितलं नाही?"

"मी बघितलं की, सिस्टर," घोरपड म्हणाली.

"मी तर दोनदा बघितलं," साळुंकी म्हणाली.

टिटवीला कळेना, रागवावं कुणावर. सांगितलेलं दोघींनी केलं होतं, तरी हरीण मरायला टेकलं होतं. मग ती चाचरत म्हणाली, "साळुंके, तू चोचीनं पाणी पाज. घोरपडे, तू कपाळावर ओला पाला ठेव."

सांजेला हरणानं मान उचलली. टिटवी त्याच्या कानाशी वाकली. "चुकलं बाबा माझं."

टिटवी तेवढं तरी म्हणाली. मी इथंच खाटेवर कण्हत होतो तेव्हा तीन दिवस तुम्ही सगळ्या मला नुसत्या बघून गेलात. तुमच्या मोठ्या सिस्टर, इंदुमतीबाई, अजून काही म्हणालेल्या नाहीत.