मागे सरणारी पाती

एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध उस्ताद गाड्या दुरुस्त करीत असत. वीस वर्षे हाताखाली राबलेला त्यांचा एक शिष्य होता. कामात वाघ, पण एके दिवशी त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. त्याची एकुलती एक लेक प्रणाली साडेचारच्या एसटीने नागपूरला नर्सिंग शिकायला निघाली होती. आईविना वाढवलेली पोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी बापाची गत. "गेलीस तर या घराचा उंबरा विसर," असे तो सकाळी बोलून बसला होता. निरोप द्यायलाही जायचे नाही, म्हणून हट्टाने कामाला लागला होता.

त्याने एका गाडीचे ब्रेकपॅड बदलले. उस्ताद सपाट रस्त्याने, ब्रेकला पायही न लावता, चक्कर मारून आले. उतरले आणि तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब त्यांनी चाकाआडच्या, ब्रेकपॅड जिला पकडतात त्या डिस्कवर शिंपडले. चर्र झाले.

"चाक खोल," ते म्हणाले.

शिष्याला ते लागले. "उस्ताद, ब्रेक तर जागेवर लागतोय!"

"लागतोय रे. सुटत नाहीये."

चाक उतरले. पॅड जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या पातळ पात्या जुन्याच होत्या, गंजून मरगळलेल्या. नव्या पात्या खोक्यात तशाच पडून होत्या. भले भले कारागीर इथेच चुकतात. पॅड बदलतात, पात्यांकडे कोण बघतो!

उस्तादांनी नवी पाती त्याच्या तळहातावर ठेवली. "दाबायला पाय आहे, तेल आहे, सगळा जोर आहे. मागं सरायला ही एवढीशी पाती. ही मेली की पॅड डिस्कला चिकटून राहतो. गाडी वाचवायला बसवलेला ब्रेकच मग तिला जाळतो." त्यांनी गंजकी पाती बाजूला टाकली. "माझा मुलगा घर सोडून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. काळजीपोटीच दाबून धरला होता त्याला. जळका वास येत होता, पण मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा असेल."

शिष्याने घड्याळ पाहिले आणि हात न पुसताच तो धावत सुटला.

एसटी हलायच्या बेतात होती. प्रणालीने खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने तो काळ्या हातांनी घट्ट धरला.

"बाबा, जाऊ ना?"

त्याचा सगळा जीव नाही म्हणत होता. "जा," तो म्हणाला. "उंबरा तुझाच आहे." आणि त्याने बोटे उघडली. गाडी वळणाआड गेल्यावर तो भर स्टँडवर लहान मुलासारखा रडला.

तो परतला तेव्हा उस्ताद नव्या पात्या बसवून चाक हाताने फिरवून बघत होते. चाक मोकळे फिरत होते.

"गेली?"

"गेली."

"येईल हो परत," उस्ताद म्हणाले, आणि तोंड फिरवून नट आवळू लागले.