सावलीची साक्ष

एका राज्यात माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या सावलीची साक्ष मोठी मानत. याला कारण राजा मेघवाहन, आणि त्याला कारण त्याच्या मुकुटातला हिरा. तो त्याने सात वर्षांपूर्वी एका मांत्रिकाच्या गुहेतून उचलून आणला होता. मांत्रिकाने बजावले होते की, जो हा हिरा माथ्यावर धरील त्याला माणसाचा शब्द खोटा वाटेल आणि सावली तेवढी खरी वाटेल. राजाने ते ऐकले आणि हिरा घेतला. राजांना ऐकू येते, पटत मात्र नाही.

तेव्हापासून दरबार पांढऱ्या भिंतीसमोर भरू लागला. सकाळी पूर्वेची दारे उघडत, ऊन आत येई, आणि राजा माणसांकडे पाठ करून भिंतीवरच्या सावल्या न्याहाळत बसे. ज्याची सावली दोषी ठरे, तो तिसऱ्या दिवशी हिऱ्याच्या तेजाने पक्षी होई. दरबारातल्या पिंजऱ्यांत असे एकवीस पक्षी होते. जुने प्रधानजी त्यांतच भारद्वाज होऊन बसले होते.

एके सकाळी राजाचा धाकटा भाऊ, कुमार सुकेतू, राजाच्या पुढे, भिंतीच्या बाजूला उभा होता. राजाकडे वळताना डोळ्यांवर ऊन आले, म्हणून त्याने हात आडवा धरला. हात मुकुटापासून चार पावले दूर होता. पण भिंतीवर बोटांची सावली फुगली, पुढे सरकली आणि मुकुटाच्या सावलीला भिडली.

"दादा, मी मुकुटाकडे हात नेला नाही," कुमार म्हणाला.

राजाने त्याला बेड्या घालायला सांगितल्या.

त्या राज्यात दोषीसाठी कोणी रदबदली केली, तर राजा त्याला रोज एक अशी तीन कामे सांगे. एक जरी चुकले तरी रदबदली करणाराही पिंजऱ्यात जाई. तरीही कुमाराची बायको विशाखा पुढे झाली. तिचे वडील छायायंत्रावर वेळ पाहत, त्यामुळे तिचे सारे बालपण सावल्या मोजण्यात गेले होते.

पहिल्या दिवशी राजाने डोळ्यांना दिसणारी, पण सावली नसलेली वस्तू मागितली. विशाखेने मोठ्या समईपुढे पेटती पणती धरली. भिंतीवर पणतीची सावली पडली, वातीची पडली, तिच्या बोटांचीही पडली. ज्योतीची पडली नाही. खूश व्हायचे सोडून राजाचा संशय बळावला. हिला एवढे ठाऊक कसे? त्याने तिच्या दाराशी पहारा बसवला.

दुसऱ्या दिवशी काळी नसलेली सावली हवी होती. दिवेलागणीला तिने खिडकी उघडी ठेवून पांढऱ्या वस्त्रावर काठी उभी केली आणि शेजारी समई लावली. काठीच्या दोन सावल्या पडल्या, एक निळी आणि एक केशरी. राजाने वस्त्र उलटून पाहिले, समईतले तेल हुंगून पाहिले, आणि पहारा दुप्पट केला. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते, दुसरे काय.

तेव्हा पिंजऱ्यातून भारद्वाज तिला म्हणाला, "पोरी, उद्या राजाला समजावू नकोस. मी समजावले, म्हणून मला पंख आहेत. त्याचे त्यालाच दिसू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिसरे काम सांगताना राजा हसला. "माझी सावली खोटे बोलते, हे माझ्या डोळ्यांना दाखव."

विशाखेने बेड्यांतल्या कुमाराला भिंतीपासून दहा हातांवर उभे केले आणि राजाला त्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला उभे राहायची विनंती केली. मग हात हळूहळू कुमाराच्या गळ्याजवळ न्यायला आणि दोन बोटांवर थांबवायला सांगितले. राजाने अंतर स्वतः मोजले. हात तिथेच थांबला, पण भिंतीवर त्याच्या सावलीने अंतर राखले नाही. ती फुगली आणि कुमाराच्या गळ्याला भिडली.

निकाल पुकारणारा भालदार सवयीने "दोषी" म्हणून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"पण मी त्याला शिवलोही नाही," राजा म्हणाला.

"महाराज, कुमारही हेच म्हणाले होते."

राजाने कारण विचारले, तेव्हाच तिने सांगितले. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, थाळी आहे. म्हणून प्रत्येक सावलीच्या कडेला फिकट झालर असते. दोन झालरी एकमेकींवर आल्या की तिथे अंधार होतो आणि सावल्या भिडल्यासारख्या दिसतात. राजाने बेड्या काढायला लावल्या. पण हिरा तसाच तळपत होता आणि पक्षी पक्षीच होते.

कुमार मनगटे चोळत म्हणाला, "दादा, आज भिंतीने सांगितले म्हणून मी खरा ठरलो. माझे म्हणणे तुम्ही अजून ऐकलेले नाही."

राजाला ते फार लागले. मग त्याने पहारेकऱ्यांना बाहेर घालवले आणि पूर्वेची सगळी दारे लावून घेतली. मुकुटावर त्याने शेला टाकला. दालनात मिट्ट काळोख झाला. भिंत गेली, सावल्या गेल्या. मोकळ्या हातांचा भाऊ कुठेतरी जवळच उभा होता, आणि राजाला भीती वाटत होती.

"सुकेतू, तुला माझा मुकुट हवा होता का?"

"नाही, दादा."

"बरे," राजा म्हणाला.

शेल्याखाली हिरा तडकला. दारे उघडली तेव्हा पिंजरे मोडून एकवीस माणसे उभी होती, आणि प्रधानजी आपले पागोटे शोधत होते. राजा भावाच्या तोंडाकडे पाहत होता. सात वर्षांत भाऊ किती थकला, हे त्याला आत्ता दिसले, आणि तो ओक्साबोक्शी रडला.

त्या राजाच्या मनातला संशय फिटला, तसा ऐकणाऱ्यांच्याही मनातला फिटो.